मिकीच्या वेशात कोण आलंय?

सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला लागलं की पंचवीसेक किलोमीटरवर मंद्रूप येतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे मोठं गाव. आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ इथे, पोलीस ठाणं इथे. आणखी पुढे टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक सुरू होतं. याच टापूत हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते, आणि तिथल्या देवळात 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. मराठी आणि कानडी इथे एकाच कट्ट्यावर बोलल्या जातात. अशा वाटेवरच्या गावात पोरांना हसवणारा माणूस बहुधा बाहेरूनच आलेला असतो. सुगी सरली की डोंबारी यायचे, गारुडी यायचे, नंदीबैल यायचा, पोलिसाचा वेश करून बहुरूपी दारात उभा राहायचा. त्यांचा मुक्काम गावाबाहेरच्या माळावर पडायचा, आणि त्याची खबर पाटलाला असायची.

आता माळावरची पालं विरळ झाली आणि करमणूक फोनवरून मागवता येऊ लागली. पहिला वाढदिवस असो, जावळ असो, शाळेचं गॅदरिंग असो की गणेशोत्सवातला बालमेळावा असो, मिकी माऊसचा ड्रेस घातलेला माणूस लागतो, हवा भरलेलं जंपिंग लागतं, चेहरे रंगवणारी मुलगी लागते, जादूगार लागतो, निवेदक लागतो. बुकिंग करताना यजमान तीन गोष्टी विचारतो: किती वेळ, किती पैसे, साउंड कुणाचा. पलीकडचा इव्हेंटवाला ॲडव्हान्स मागतो, व्हॉट्सॲपवर जुन्या कार्यक्रमांचे फोटो टाकतो आणि सौदा ठरतो. यजमानाच्या मोबाइलमध्ये नंबर ‘मिकीवाला’ म्हणून साठवला जातो. कार्यक्रमाच्या दिवशी गाडीतून चौघं उतरतात. त्यातला फोनवर बोललेला एखादाच असतो, कधी तोही नसतो. त्या दिवशी सोलापुरात आणखी दोन कार्यक्रम लागलेले असतात, म्हणून त्यानं कुणाला तरी पाठवलेलं असतं. पुढचे तीन तास गावातली चाळीस-पन्नास पोरं या चौघांच्या अंगाखांद्यावर असतात, आणि मांडवातल्या एकालाही त्यांच्यातल्या एकाचंही खरं नाव माहीत नसतं.

याची काळजी वाटणं अवाजवी नाही आणि तिच्यासाठी कुणावर संशय घ्यावा लागत नाही. मुलांच्या जवळ जाणं हाच ज्याचा व्यवसाय आहे, त्याच्याबद्दल दोन प्रश्न विचारणं हा व्यवहाराचा भाग असायला हवा. प्रश्न कसे विचारायचे आणि उत्तरावर कितपत विसंबायचं, इथे मात्र आपली गफलत होते. सोलापूर जिल्ह्यानं या बाबतीत जे सोसलं आहे, ते फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आलं असेल.

आधी कायदा पाहू. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा पोक्सो कायदा 2012 सालचा. तो लागू झाला 14 नोव्हेंबरला, बालदिनी. त्याचे नवे नियम मार्च 2020 मध्ये आले. त्यातला तिसरा नियम सांगतो की मुलांना ठेवून घेणाऱ्या किंवा मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या प्रत्येक संस्थेनं, म्हणजे शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी अशा सगळ्यांनी, आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं करून घ्यायची. कर्मचारी शिकवणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी. नियम चांगला आहे, पण तो कर्मचाऱ्यांपुरता बोलतो. गॅदरिंगच्या दिवशी तीन तासांसाठी आलेला जादूगार शाळेचा कर्मचारी नाही, आणि घरच्या वाढदिवसाला तर संस्थाच नाही. याच नियमाच्या पुढच्या पोटनियमात मात्र एक वाट आहे. मुलांच्या संपर्कात येणाऱ्या सर्व संस्थांनी बालसंरक्षण धोरण स्वीकारावं, असं तो म्हणतो. त्या धोरणात शाळेनं पाहुण्या कलाकारासाठी चार ओळी लिहिल्या, तर तिला कुणी अडवत नाही.

मंद्रूपच्या पोलीस ठाण्यात अशा कार्यक्रमाचा अर्ज जातो तो बहुतेक ध्वनिक्षेपकाच्या परवानगीसाठी. आवाज किती, रात्री दहानंतर वाजणार का, रस्ता अडणार का, हे तिथे पाहिलं जातं. पोरांमध्ये कोण वावरणार, हे त्या कागदावर कुठेच येत नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात जे घडलं त्यानंतर महाराष्ट्र या प्रश्नावर खडबडून जागा झाला. बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी कंत्राटदारामार्फत सफाईच्या कामाला त्याच महिन्यात रुजू झालेला होता. गुन्हा नोंदवायला उशीर झाला, 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. आंदोलनाच्या दुसऱ्याच दिवशी, 21 ऑगस्टला, शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय निघाला. त्यात सीसीटीव्ही आले, तक्रारपेटी आली, मुलामुलींच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्यांची आठवण आली, आणि बाहेरून घेतलेल्या माणसांची चारित्र्य पडताळणीही आली. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, मदतनीस, वाहनचालक यांना त्या कक्षेत घेतलं. दारातून रोज ये-जा करणाऱ्यांचा विचार झाला. वर्षातून एकदा टाळ्यांच्या गजरात आत येणाऱ्याचा विचार करायचं काम शाळेवरच राहिलं.

बदलापूरची आणखी एक बाजू इव्हेंट चालवणाऱ्यांनी नीट समजून घ्यावी. शाळेच्या जबाबदार व्यक्तींवरही गुन्हा दाखल झाला, आणि तो माहिती असून न कळवल्याचा. पोक्सोचं 19वं कलम सांगतं की असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे. न कळवणाऱ्याला 21व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या किंवा कंपनीच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडपलं तर त्याला एक वर्षापर्यंत. म्हणजे ‘पोरगा कामाचा आहे, मिटवून टाकू’ असं म्हणणारा इव्हेंटवाला स्वतः गुन्हेगार ठरतो. उलट चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्याला कायद्यानं संरक्षण आहे.

आता सोलापूरकडे वळू, पण त्याआधी एक जुना कायदा पाहायला हवा. इंग्रज सरकारनं 1871 मध्ये एक कायदा केला. काही जमाती जन्मानंच गुन्हेगार असतात असं त्यात गृहीत धरलं होतं. त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. नोंद झालेल्या व्यक्तीनं स्त्रीवेशात रस्त्यावर नाचगाणं केलं, किंवा पैसे घेऊन कुणाच्या घरी केलं, तर तिला तुरुंगात टाकता येत असे. सोळा वर्षांखालचा मुलगा तिच्या ताब्यात आढळला तरी शिक्षा. हा कायदा सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता होता. तरी पैसे घेऊन करमणूक करणाऱ्यांची सरकारी वही आणि मुलांच्या रक्षणाचं कारण या दोन गोष्टी आपल्या देशात दीडशे वर्षांपूर्वीच एका कायद्यात बांधल्या गेल्या होत्या. त्या वहीत नाव येण्यासाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागत नव्हता. संशय पुरेसा होता.

पुढे 1911 च्या कायद्यानं हा फास देशभर पसरला. सोलापुरात तारेचं कुंपण घालून मोठी वसाहत उभी राहिली. तिला सगळे सेटलमेंट म्हणत. कैकाडी, मांग गारुडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबंच्या कुटुंबं आत आणली गेली. दिवसा गिरणीत मजुरी, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायला पास. बोटांचे ठसे सरकारदप्तरी. आणि खेड्यांत कुणी नोंदलेला माणूस आला-गेला तर कळवण्याची जबाबदारी पाटलावर आणि राखणदारावर. आज ज्याला आपण पार्श्वभूमी तपासणं म्हणतो, त्याची याहून कडक यंत्रणा महाराष्ट्रानं पाहिलेली नाही. ती 31 ऑगस्ट 1952 ला मोडली, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. सोलापूरच्या पत्त्यांत ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव अजून आहे.

त्या यंत्रणेतून एकही मूल अधिक सुरक्षित झालं असं म्हणायला जागा नाही. मुलं उलट कुंपणाच्या आत वाढली आणि ‘गुन्हेगाराचं पोर’ हा शिक्का घेऊन शाळेत गेली. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ 1987 मध्ये आलं, तेव्हा पांढरपेशा वाचकाला हा शिक्का आतून कसा वाटतो ते प्रथम कळलं. कायदा गेला तरी नजर गेली नाही. भीक मागण्यावर बंदी घालणाऱ्या 1959 च्या मुंबईच्या कायद्यात, गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं या निमित्तानं सार्वजनिक जागी पैसे घेणंही भिकेतच मोजलं आहे. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर त्या व्याख्येत कलाकार ठरत नाही.

नजर गेली नाही याचा सर्वांत भयंकर पुरावा सोलापूर जिल्ह्याच्याच वाट्याला आला. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. पोरं पळवणारी टोळी फिरते आहे असे व्हिडिओ आणि निरोप मोबाइलवर आठवडाभर फिरत होते. बाजारात आलेल्या पाच परक्या माणसांना जमावानं धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मरेपर्यंत मारलं. हे पाचजण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागत फिरणारे, आणि त्यांतले बहुतेक मंद्रूपच्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातले. त्यांनी कुणाचं मूल पळवलं नव्हतं. चार वर्षांनी, सप्टेंबर 2022 मध्ये, सांगलीच्या जत तालुक्यात लवंगा गावी उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना याच संशयावरून बेदम मारहाण झाली. ते विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. मंगळवेढा आणि जत हा सगळा मुलूख मंद्रूपच्या आजूबाजूचाच आहे.

म्हणून मुलांच्या कार्यक्रमाला येणाऱ्यांची पडताळणी व्हावी असं म्हणताना पहिली अट हीच घालावी लागते: प्रश्न सगळ्यांना सारखे. सोलापूरच्या चकचकीत इव्हेंट कंपनीच्या पोराला जे विचाराल तेच बहुरूप्याला विचारा. पालातून आलेल्याकडे कागद मागायचा आणि गावातल्या ओळखीच्या डीजेवाल्याला तसाच आत सोडायचा, ही पडताळणी नाही. सेटलमेंटची तीच जुनी वही आहे ती. शिवाय ती कामाचीही नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत वर्षानुवर्षं शंभरात नव्वदच्या वर आहे. शेजारी, नातेवाईक, शिकवणारा, रोज भेटणारा. अनोळखी चेहऱ्याला घाबरून आपण मुलाचं रक्षण करतो, आणि धोका बहुतेक वेळा ओळखीच्या चेहऱ्यानं येतो.

मग कागद मागायचाच कशाला? कारण नोंद जर असेल, तर ती माहीत नसणं अक्षम्य आहे. इंग्लंडमधल्या सोहम गावात ऑगस्ट 2002 मध्ये दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयन हंटली हा तिथल्या माध्यमिक शाळेचा केअरटेकर होता. त्याच्याविरुद्ध पूर्वी दुसऱ्या परगण्यात लैंगिक स्वरूपाच्या अनेक तक्रारी पोलिसांकडे झाल्या होत्या. नोकरी देताना चौकशी झाली, पण ती कोरी आली. एका परगण्याच्या पोलिसांकडची माहिती दुसऱ्याला पोचली नाही, आणि तो दोन आडनावं वापरत होता, त्यांतल्या एकाचाच शोध घेतला गेला. नंतरच्या बिचर्ड चौकशी समितीच्या अहवालातून ब्रिटनची आजची पडताळणी व्यवस्था उभी राहिली.

अमेरिकेतलं जॉन वेन गेसी हे नाव तर याच विषयात पुन्हा पुन्हा येतं. शिकागोजवळ राहणारा बांधकाम कंत्राटदार, फावल्या वेळात ‘पोगो’ नावाचा विदूषक होऊन मुलांच्या पार्ट्यांत जायचा. 1978 च्या डिसेंबरात तो पकडला गेला आणि 33 तरुण व किशोरवयीन मुलांच्या खुनांबद्दल 1980 मध्ये दोषी ठरला. या माणसाला 1968 मध्येच आयोवा राज्यात एका किशोरवयीन मुलावरच्या अत्याचाराबद्दल शिक्षा झाली होती. सुटल्यावर तो शेजारच्या इलिनॉय राज्यात आला आणि प्रतिष्ठित झाला, इतका की मे 1978 मध्ये अध्यक्षांच्या पत्नी रोझलिन कार्टर यांच्याबरोबर त्याचा फोटो निघाला. त्याचे बळी पार्टीतली मुलं नव्हती, हेही सांगायला हवं. तरी राज्याची हद्द ओलांडली आणि मागचं सगळं पुसलं गेलं, ही गोष्ट मंद्रूपच्या माणसाला लगेच उमजेल.

कारण इथली हद्द नदीएवढी जवळ आहे. मंद्रूपच्या कार्यक्रमाला इंडीहून, विजापूरहून कलाकार येतात आणि इथले तिकडे जातात. महाराष्ट्रात चारित्र्य पडताळणीचा अर्ज माणसानं स्वतः महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर करायचा असतो. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो जोडायचा. अर्ज तो राहतो तिथल्या पोलीस ठाण्यात जातो, नोंदी पाहिल्या जातात, मग दाखला मिळतो. कर्नाटकातल्या माणसाला हेच काम तिथल्या सेवा सिंधू पोर्टलवरून करता येतं. पोलीस ठाण्यांच्या नोंदी आता सीसीटीएनएस या देशव्यापी जाळ्यानं जोडल्या आहेत. लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांची राष्ट्रीय नोंदवहीही सप्टेंबर 2018 पासून आहे, पण ती फक्त पोलिसांना पाहता येते. यजमानाला किंवा मुख्याध्यापकाला तिथे नाव टाकून शोधता येत नाही, आणि ते योग्यच आहे. राईनपाड्यासारखे जमाव जिथे जमतात, तिथे अशी वही सर्वांच्या हाती देणं म्हणजे नवा अनर्थ ओढवून घेणं.

पण जाळं कितीही मोठं असलं तरी शोध नावानं होतो. जादूगाराचं स्टेजवरचं नाव ‘प्रोफेसर’ असतं, ‘ज्युनियर’ असतं, ‘सम्राट’ असतं. पोस्टरवर ते शोभतं, दाखल्यावर चालत नाही. दाखला आधारवरच्या नावाचा हवा, आणि आधारवरचा माणूसच मांडवात उभा हवा. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, वर्तनाचा नाही. अनेक जण झेरॉक्स घेतात आणि पडताळणी झाली असं समजतात. ती झालेली नसते.

दाखला नीट वाचावाही लागतो. तो देण्याच्या दिवसापर्यंतचंच सांगतो. नोंदलेलं तेवढंच सांगतो. ब्रिटनच्या बीबीसीवर मुलांचा लाडका असलेला जिमी सॅव्हिल 2011 मध्ये वारला तेव्हा त्याच्या नावावर एकही शिक्षा नव्हती. त्यानंतर लोक बोलू लागले, आणि जानेवारी 2013 च्या पोलीस अहवालात त्याच्याविरुद्ध 214 गुन्हे नोंदले गेल्याचं जाहीर झालं. दवाखान्यांत, शाळांत, स्टुडिओत तो पन्नास वर्षं वावरला. त्याचा दाखला कधीही मागितला असता तरी कोराच आला असता. उलटही घडतं. पारधी किंवा कैकाडी वस्तीतल्या पोराचं नाव कुठल्याशा चोरीत संशयित म्हणून ओढलं जातं आणि प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळतं. अशी नोंद पाहून ‘हा नको’ म्हणणं हा अन्याय आहे. मुलांविरुद्धचा, लैंगिक किंवा हिंसेचा गुन्हा आहे का, एवढंच मुलांच्या कार्यक्रमाच्या दृष्टीनं पाहायचं. बाकीचं न्यायालय पाहील.

या बाबतीत ऑस्ट्रेलियाची पद्धत मला सर्वांत शहाणी वाटते. न्यू साउथ वेल्स राज्यात मुलांबरोबर काम करणाऱ्यानं स्वतःच मंजुरी काढायची असते, आणि त्या कामांत मुलांच्या करमणुकीचा व पार्टीचा व्यवसाय स्पष्ट धरलेला आहे. माणसाला एक क्रमांक मिळतो, तो पाच वर्षं चालतो. काम देणाऱ्यानं तो क्रमांक तपासायचा. त्याला फक्त ‘मंजुरी आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच दिसतं, माणसाचा इतिहास दिसत नाही. मधल्या काळात त्याच्यावर गुन्हा दाखल झाला तर यंत्रणेला आपोआप कळतं. कलाकाराची अब्रू झाकलेली राहते आणि मुलांचं रक्षणही होतं. महाराष्ट्रात पोलिसांच्या संकेतस्थळावर अशी एक सेवा वाढवणं तंत्राच्या दृष्टीनं अवघड नाही. तोवर कलाकारानं आपला दाखला वर्षाकाठी एकदा काढून जवळ ठेवावा. वाढदिवसाच्या आदल्या रात्री फोन करून तो मागण्यात अर्थ नाही. सोलापूर, पंढरपूर, अक्कलकोट भागातले इव्हेंटवाले आपल्या सगळ्या माणसांचे दाखले तयार ठेवू लागले, तर ती त्यांची सर्वांत चांगली जाहिरात ठरेल.

कागदाचं इतकं बोलून झाल्यावरही माझा भर दुसरीकडेच आहे. मूल कागदानं जेवढं सुरक्षित होतं त्याहून कितीतरी जास्त मांडवाच्या रचनेनं होतं. एखाद्या वाढदिवसाचा मांडव डोळ्यांपुढे आणा. केक मध्यभागी, बायका चुलाण्याकडे, पुरुष बाहेर खुर्च्या टाकून, आणि मिकीला कपडे बदलायला दिलेली खोली नेमकी घराच्या मागच्या बाजूला, न्हाणीघराशेजारी. पोरं मिकीच्या मागे मागे तिथवर जातात, कारण आत कोण आहे हे त्यांना पाहायचं असतं. इथे कुणाची नियत वाईट असायची गरजच नाही. ही मांडणीच चुकीची आहे. कपडे बदलायची जागा पोरांच्या न्हाणीपासून लांब, आणि तिच्या दाराशी घरातलं एक मोठं माणूस. चेहरे रंगवायचे ते ओसरीवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. जादूगार मुलाला स्टेजवर बोलावतो, ते जरूर बोलवावं, पण पडद्यामागे नेऊ नये. पेटीत बसवायचं असेल तर आई-वडिलांना विचारून. मांडीवर घेणं, उचलणं, मुलाची इच्छा नसताना गालाला हात लावणं, हे फोटोसाठीसुद्धा नको. पाहुण्या कलाकारानं आपल्या मोबाइलवर मुलांचे फोटो काढू नयेत आणि मोठ्या मुलामुलींचा नंबर किंवा इन्स्टाग्राम मागू नये. हे नियम कार्यक्रमापूर्वी सर्वांसमोर सांगितले की कुणाला अपमान वाटत नाही. प्रामाणिक कलाकाराला तर ते हवेच असतात, कारण उद्या एखादी अफवा उठली तर तो एकटा कुठेच नव्हता हे शंभर माणसं सांगू शकतात.

आणि वेशाच्या आत कोण आहे हे पाहण्याला आणखी एक कारण आहे. तो मोठ्या डोक्याचा फोमचा पोशाख उन्हात घातला की आत जीव घुसमटतो. असा पोशाख काढला की कधी कधी आतून पंधरा-सोळा वर्षांचा, घामानं निथळलेला पोरगा निघतो. बालकामगार कायद्यात 2016 साली जी दुरुस्ती झाली तिनं चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं जवळजवळ पूर्ण बंद केलं, आणि किशोरांना धोकादायक कामांत मनाई केली. चित्रपट-मालिकांतल्या बालकलाकारांना अटींवर सूट आहे, सर्कशीला नाही. सर्कशीत मुलांना कामाला ठेवू नये असं सर्वोच्च न्यायालयानंही 2011 मध्ये बजावलं. आपल्या लेकराच्या वाढदिवसाला दुसऱ्याचं लेकरू चार तास फोमच्या आत कोंडलेलं असेल, तर त्याच्याकडेही पाहायला हवं. त्याचं वय विचारा. त्याला पाणी द्या, जेवू घाला, आणि शाळकरी मुलगा असेल तर इव्हेंटवाल्याला स्पष्ट सांगा की असा माणूस पुन्हा पाठवू नका.

मुलांशीही बोलायला हवं. अनोळखी माणसाशी बोलू नकोस, हा सल्ला अशा दिवशी कामाचा नाही, कारण आपणच त्या अनोळखी माणसाला हौसेनं बोलावलेलं असतं. त्याऐवजी सांगावं की कुणीही, ओळखीचा असो वा नसो, अंगाला नको तसा हात लावला, एकट्याला बोलावलं किंवा घरी सांगू नकोस म्हणाला, तर ताबडतोब येऊन सांगायचं, आणि आम्ही रागावणार नाही. शेवटचे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. बोललेल्या मुलावर विश्वास ठेवला गेला नाही, अशी अनेक प्रकरणं न्यायालयांच्या निकालपत्रांत वाचायला मिळतात.

शाळांसाठी रस्ता तयार आहे. शिक्षण हक्क कायद्यानं बहुतेक शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आली आहे आणि तिच्यात पालक बहुसंख्येनं असतात. यंदाच्या गॅदरिंगचा खर्च मंजूर करायला ही समिती बसेल, तेव्हा ठरावात एवढं घाला: बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कलाकाराचं, मदतनिसाचं, छायाचित्रकाराचं खरं नाव, ओळखपत्र आणि चालू वर्षाचा चारित्र्य पडताळणी दाखला शाळा आधी पाहील, ऐन वेळी बदललेला माणूस मुलांमध्ये सोडला जाणार नाही, आणि कार्यक्रमभर प्रत्येक कोपऱ्यात दोन शिक्षक किंवा पालक उभे राहतील. कागद पाहून परत करा, त्यांचे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. त्याच पानावर 1098 आणि 112 हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा. पहिला मुलांच्या मदतीसाठी आहे, दुसरा पोलिसांचा, आणि दोन्ही चोवीस तास चालतात.